तेलात बुडवल्यामुळे वॉरंटी गेलेल्या हायड्रॉलिक टॅपेटबाबत

प्रति,
व्यवस्थापक, सुटे भाग व ग्राहक सेवा विभाग

काल दुपारी तुमच्या ग्राहक सेवेतल्या ताईंनी चौथ्यांदा "आपला दिवस शुभ जावो" म्हणून फोन ठेवला. दिवस शुभ गेला नाही, म्हणून हे पत्र.

गाडी, म्हणजे मोटरसायकल, २०१४ ची. सकाळी थंड इंजिन चालू केलं की टकटक यायची आणि तेल चढलं की थांबायची. दिवाळीनंतर ती थांबेना. तुमच्या सर्व्हिस सेंटरने ऐकून सांगितलं की हा गाडीचा नॅचरल आवाज आहे. मी अक्कलकोट रोडवरच्या कारखान्यात बावीस वर्षं यंत्रमागाचा जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करून चालू ठेवणारा, आहे. कुठली खटखट कामाची आणि कुठली दुरुस्तीला आलेली, हे ओळखण्याचाच मला पगार मिळतो.

इंजिन घरी उघडलं. पिस्टन टॉपला आणून रॉकर काढले, पुशरॉड काढून आत-बाहेरचे वेगळे ठेवले, टॅपेट (फिरत्या कॅमचा उठाव पुशरॉडमार्गे व्हॉल्व्हपर्यंत नेणारे, आत तेल भरणारे ठोकळे) बाहेर घेतले. नव्या टॅपेटचा तळ किंचित फुगीर असतो. स्टीलची पट्टी लावली की दोन्ही कडांना उजेड दिसतो. माझ्या जुन्यांना कडा टेकत होत्या आणि उजेड मधोमध दिसत होता. एकाच्या तळाला तर नख अडकावं इतके खड्डे. घासलेल्या कॅमवर नवा टॅपेट टाकला की तोही घासतो, म्हणून कॅमही नवा घेतला. सगळा माल तुमच्याच अधिकृत काउंटरवरून, सीलबंद खोक्यात, पक्क्या बिलावर.

बसवण्याआधी दोन्ही टॅपेट स्वच्छ इंजिन ऑइलमध्ये रात्रभर उभे ठेवले. (बायकोचा स्टीलचा डबा त्यात कायमचा गेला. त्याची भरपाई मागत नाही.) सकाळी बारीक तारेने आतली गोळी दाबून दाबून हवा काढली. एक टॅपेट हवा तसा दगडासारखा कडक झाला, अंगठ्याने हलेना. दुसरा दाबला की भस्सकन खाली आणि सोडला की वर, बॉलपेनासारखा. बुडबुडे थांबले तरी तेच. दोन दिवस तीन-तीन वेळा केलं. गोळी बसतच नाही, तेल आत कोंडलं जात नाही. तुम्ही हे बनवता, तेव्हा याचा अर्थ तुम्हाला सांगायला नको.

काउंटरवर गेलो. "मालक, एकदा गेलेला माल परत घेत नसतंय. कंपनीला फोन लावा." लावला. तो संवाद जसा झाला तसा देतो, कारण तुमच्याकडे म्हणे सगळे कॉल रेकॉर्ड होतात.

"सर, पार्ट बाहेर फिट केल्यामुळे डॅमेज झालाय."

"ताई, फिट केलेलाच नाही. डब्यात आहे."

"कसल्या डब्यात, सर?"

"तेलाच्या."

"म्हणजे तुम्ही तो तेलात टाकलात?"

"हो."

पाच मिनिटं होल्ड. सनई. मग, "सर, मी सिनियरना विचारलं. पार्ट ऑइलमध्ये बुडवला असेल तर वॉरंटी लागू होत नाही."

हायड्रॉलिक टॅपेट. तेलावर चालणारा. जन्मभर तेलात राहणारा. तो कोरडा राहावा अशी तुमच्या सिनियरांची अपेक्षा असेल तर इंजिनात तुम्ही काय ओतता, हे एकदा मलाही कळू द्या. एवढ्यावर मी गप्प बसलो असतो. पण ताई पुढे म्हणाल्या, "सर, घरात कोणी टेक्निकल व्यक्ती असेल तर त्यांना फोन द्या ना."

टॅपेट हा शब्द मी तुमच्या कंपनीकडून शिकलेलो नाही. आमच्या मागावर वही (ताण्याचे धागे वर-खाली करणारी चौकट) उचलणाऱ्या कॅमलाच टॅपेट म्हणतात. क्रँकचे दोन फेरे, बॉटम शाफ्टचा एक. तुमच्या इंजिनात कॅमचं गणित तेच. घरातली टेक्निकल व्यक्ती मीच. दुसरी माझी मुलगी, ती आठवीत आहे, पण टॅपेट तेलात बुडवायचा असतो हे तिलाही आता माहीत झालंय.

पुन्हा लिहितो, कारण चार कॉलमध्ये हे कोणीच लिहून घेतलं नाही: तो टॅपेट इंजिनात बसवलेला नाही. "चुकीच्या फिटिंगमुळे" हे उत्तर परत पाठवू नका. फिटिंगच झालेलं नाही.

गाडी एकोणीस दिवस व्हरांड्यात उघडी पडली आहे, वर चादर टाकून. मी शेअर रिक्षाने कामाला जातो. हीच गाडी नवी असताना हार घालून सिद्धेश्वरांच्या देवळासमोर उभी केली होती आणि कारखान्यात तिघांना तुमचीच गाडी घ्यायला लावली होती. त्यांना आता तोंड दाखवताना मी रिक्षातून उतरतो.

दहा दिवसांत एक चांगला टॅपेट पाठवा. नवी गाडी नको, कूपन नको, "गैरसोयीबद्दल दिलगीर" असा मेसेज तर नकोच. नाही आला तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार आणि पुढे जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने ग्राहक राहतो तिथेच दाद मागता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. सोलापूरला यायचं तुम्हाला पडेल. एप्रिलात या, ऊन छान असतं.

टॅपेट अजून त्याच डब्यात आहे. तपासायला माणूस पाठवणार असाल तर त्याला हत्यारं देऊ नका, अंगठा पुरेल.

आपला, अजून तरी, ग्राहक
(सही)
सोलापूर

सोबत: बिलाची झेरॉक्स, खोक्यावरच्या लेबलचा फोटो, दोन्ही टॅपेट दाबतानाचा व्हिडिओ (पेन ड्राइव्हवर; पेन ड्राइव्ह परत हवा).