कोइम्बतूरच्या अक्कांना

अक्का,

हे पत्र मुद्दाम मराठीत लिहितोय. तुम्हाला फोनवर इंग्रजीत सांगेनच, पण ज्यांची बोटं तुम्ही शिकवलेल्या हँड थेरपीमुळे वाकतात ती माणसं इचलकरंजीची आहेत. त्यांनाही वाचता आलं पाहिजे. आणि अक्का म्हणायला मला कधी जड गेलं नाही, आमच्याकडेही थोरल्या बहिणीला अक्काच म्हणतात.

हँड सर्जरीच्या फेलोशिपला, म्हणजे पुढच्या प्रशिक्षणाला, तुमच्याकडे कोइम्बतूरला आलो तेव्हा माझ्या डोक्यात फक्त मायक्रोस्कोप होता. जेमतेम १ मिलिमीटरची रक्तवाहिनी, केसापेक्षा बारीक धागा. कोंबडीच्या तंगडीतल्या वाहिन्या शिवून शिवून हात बसवला. (पुढे बरेच दिवस ताटात तंगडी नको वाटायची.) शेवटचा टाका पडला की आपलं काम झालं, असंच वाटायचं.

मग एकदा थेरपी रूममध्ये माझ्याच पेशंटचं बोट तुम्ही माझ्या हातात दिलंत. काठीसारखं ताठ. म्हणालात, "डॉक्टर, टाका सुरेख. आता यानं घास कसा घ्यायचा?"

तळव्याच्या वरच्या रेषेपासून बोटाच्या मधल्या पेरापर्यंत दोन कंडरा, म्हणजे स्नायूची ओढ हाडापर्यंत नेणाऱ्या दोऱ्या, एकाच अरुंद नळीतून सरकतात. तिथं तुटलेल्या कंडरा शिवल्या की चिकटून बसतात, म्हणून त्या जागेला 'नो मॅन्स लँड' म्हणत आणि बरेच सर्जन ताबडतोब शिवायला धजत नसत. १९६७ मध्ये अमेरिकेतल्या लुईव्हिलचे सर्जन क्लाइनर्ट यांनी दाखवलं, की लगेच शिवा, पण रबरबँड लावून बोट हलतं ठेवा. हे मी परीक्षेपुरतं पाठ केलं होतं. तुम्ही ते हातानं करायला लावलंत. स्प्लिंटसाठी, म्हणजे हाताला आधार देणाऱ्या साच्यासाठी, गरम पाण्यातून काढलेली प्लास्टिकची शीट पुसायची, आधी आपल्या मनगटावर टेकवून बघायची, मगच पेशंटच्या हातावर ठेवायची. कड अंगठ्यानं बाहेर वळवायची, नाहीतर रात्री चावते. सर्जननं स्प्लिंट कशाला वळायचे, म्हणून मी मनातल्या मनात धुसफुसत होतो. माफ करा.

परवा एक यंत्रमाग कामगार ऑपरेशननंतर तीन महिन्यांनी दाखवायला आला. त्याच्या मधल्या बोटाच्या कंडरा त्याच 'नो मॅन्स लँड'मध्ये तुटल्या होत्या. काही न बोलता त्यानं खिशातून सूत काढलं, तोडलं आणि माझ्यासमोर गाठ मारून दाखवली.

गुऱ्हाळं सुरू झाली की चरकात सापडलेले हात येऊ लागतील. त्याआधी आमच्या नव्या फिजिओथेरपिस्टला आठवडाभर तुमच्याकडे पाठवतोय. मुलगी हुशार आहे, जरा घाई करते. तिलाही पहिल्याच दिवशी एखादं ताठ बोट हातात द्या.

तुमचा,
इचलकरंजीचा डॉक्टर