सहा महिने पाण्यात गेले नाहीत

प्रिय निखिल,

सप्रेम नमस्कार.

प्रयोग तिसऱ्यांदा केलास आणि निकाल काही आला नाही, हे वाचून वाईट वाटलं. पण ‘सहा महिने पाण्यात गेले’ हे तुझं वाक्य मला पटलं नाही. गेले काही दिवस मी नेमकं याच विषयावरचं वाचतोय, म्हणून लगेच लिहायला बसलो.

अमेरिकेच्या राष्ट्रीय हृदय, फुप्फुस व रक्त संस्थेच्या निधीतून झालेल्या मोठ्या चाचण्या कॅप्लान आणि अर्विन या दोघांनी तपासल्या. त्यांचा लेख २०१५ चा. २००० पूर्वीच्या ३० चाचण्यांपैकी १७ मध्ये उपचाराचा फायदा दिसला होता. नंतरच्या २५ पैकी फक्त २ मध्ये! मधल्या काळात काय बदललं? आपण नक्की काय मोजणार, हे चाचणीआधीच जाहीरपणे नोंदवायची पद्धत आली. ठरवलं होतं त्यात फरक पडला नाही, की आकडेवारी चाळून दुसरंच काहीतरी शोधायचं आणि ‘हा बघा गुण’ म्हणायचं, ती पळवाट बंद झाली. हे एकच कारण असं मी म्हणणार नाही. तोवर नेहमीचे उपचारही सुधारले होते. पण उरलेल्या त्या २३ निकालांबद्दल मला फार आदर वाटतो. कुणीतरी ते न लपवता छापले.

दुसरं वाचलं ते एक्सेलबद्दल. ‘सेप्ट२’ हे जनुकाचं नाव रकान्यात टाकलं की एक्सेल त्याची २ सप्टेंबर ही तारीख करून टाकतं, ‘मार्च१’ची १ मार्च. २०१६ मध्ये कुणीतरी जनुकांच्या याद्या जोडलेले हजारो शोधनिबंध तपासले, तर सुमारे पाचव्या हिश्श्यात अशा चुका. लेखक, परीक्षक, संपादक, सगळ्यांच्या नजरेतून सुटलेल्या. शेवटी २०२० मध्ये त्या जनुकांचीच नावं बदलली! तुझ्या याद्या एकदा उघडून बघच.

आणि फ्रान्सिस अर्नोल्ड. २०१८ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालेली बाई. २०१९ मध्ये तिच्या गटाचा विकरांवरचा निबंध ‘सायन्स’मध्ये आला. पुढे ते काम पुन्हा करून पाहिलं तर जमेना. पहिल्या लेखकाची प्रयोगवही तपासली, तर महत्त्वाच्या प्रयोगांच्या त्या-त्या वेळच्या नोंदी आणि मूळ आकडेच नाहीत. २०२० च्या जानेवारीत निबंध मागे घेतला. तिनं स्वतः जाहीर लिहिलं, की तो पाठवला तेव्हा मी जरा गडबडीत होते, माझं काम नीट केलं नाही. सबब नाही, की विद्यार्थ्यावर ढकलणं नाही. ते वाचून मी बराच वेळ तसाच बसून होतो.

तुझी वही मी पाहिली आहे. रोजची तारीख, खोडलेला आकडाही वाचता येईल अशी एकच रेघ. म्हणून सांगतो, तिन्ही वेळचे आकडे, द्रावण बदललंस तो दिवस, सगळं जसंच्या तसं लिहून काढ आणि छापायला दे. हाच प्रयोग उद्या आणखी कुणीतरी हातात घेणार. त्याचे सहा महिने वाचू देत.

कच्चा मसुदा झाला तरी आधी मला पाठव. मी ओळ न् ओळ वाचीन.

तुझा,
सुहास