ज्येष्ठमधाच्या पाकिटावर ग्लिसिरायझिनचे प्रमाण छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पावसाळा सुरू झाला की घसा, खोकला आणि सर्दीवरच्या काढ्यांच्या कृती घरोघरी फिरू लागतात. त्यातल्या बऱ्याच कृतींत ज्येष्ठमध असतो. गायक, कीर्तनकार, शिक्षक अशी आवाजावर पोट असणारी मंडळी तर वर्षभर कांडी चघळतात. चार-दोन दिवस घेतलेल्या ज्येष्ठमधाबद्दल आमचे काहीच म्हणणे नाही. तो रोज, आठवडेच्या आठवडे घेतला तर मूत्रपिंडातल्या एका एन्झाइमचे काम अडते, रक्तदाब चढतो आणि रक्तातले पोटॅशियम घसरते. हे कसे घडते याचा उलगडा १९८७ पासून झालेला आहे. तरीही आपल्याकडे चूर्णाचे पाकीट घेताना त्यात ग्लिसिरायझिन (ज्येष्ठमधाला गोडवा देणारा घटक) किती, हे ग्राहकाला सहसा कळत नाही. म्हणून हे पत्र.

त्या एन्झाइमचे नाव ११-बीटा-हायड्रॉक्सिस्टेरॉइड डिहायड्रोजनेज, प्रकार दुसरा. कॉर्टिसॉल हे चार कड्यांचे स्टेरॉइड संप्रेरक आहे. त्याच्या अकराव्या कार्बनवर हायड्रॉक्सिल गट असतो. हे एन्झाइम तिथले दोन हायड्रोजन काढून एनएडी या मदतनीस रेणूकडे सोपवते. हायड्रॉक्सिलच्या जागी कीटो गट येतो आणि कॉर्टिसॉलचे कॉर्टिसोन बनते. दोन्ही रेणूंत फरक फक्त दोन हायड्रोजनचा, पण कॉर्टिसोन ग्राहीला, म्हणजे संप्रेरकाचा संदेश घेणाऱ्या पेशीतल्या प्रथिनाला, चिकटत नाही.

मूत्रपिंडात सोडियम राखण्याचा हुकूम खरे तर मूत्रपिंडावरच्या अधिवृक्क ग्रंथीतून येणाऱ्या अल्डोस्टेरॉन या संप्रेरकाने द्यायचा असतो. पण ज्या ग्राहीवर तो हुकूम पोचतो, तिला अल्डोस्टेरॉन आणि कॉर्टिसॉल यांतला भेद कळत नाही. दोघांनाही ती सारख्याच जोराने धरते. त्यात रक्तात कॉर्टिसॉल शंभर ते हजारपट जास्त. म्हणून मूत्रपिंडाच्या त्याच पेशींत हे एन्झाइम पहाऱ्याला बसलेले असते आणि आत येणारे कॉर्टिसॉल निकामी करत राहते. मोठ्या आतड्यात, लाळग्रंथींत आणि घामाच्या ग्रंथींतही ते आहे. पहारा उठला की कॉर्टिसॉलच ग्राहीवर बसते. सोडियम व पाणी शरीरात साठते, पोटॅशियम आणि आम्ल लघवीवाटे निघून जाते. शरीराला मीठ पुरेसे वाटल्यामुळे रेनिन (अल्डोस्टेरॉन वाढवणारे मूत्रपिंडातले एन्झाइम) आणि अल्डोस्टेरॉन दोन्ही खाली दबतात. ही शेवटची खूण निदानाच्या वेळी फार कामाची आहे.

ज्येष्ठमधाचा गोडवा ज्यामुळे येतो ते ग्लिसिरायझिन. आतड्यातले जिवाणू त्याच्यावरची ग्लुकुरॉनिक आम्लाची दोन एकके तोडतात आणि ग्लिसिरेटिनिक आम्ल तयार होते. एन्झाइम अडवते ते मुख्यतः हेच. ते यकृतातून पित्तावाटे पुन्हा आतड्यात येते आणि परत शोषले जाते, त्यामुळे रोजच्या सेवनाने साठत जाते. एका कपाने काही होत नाही आणि दोन-तीन आठवड्यांनी पाय सुजतात, त्याचे कारण हे. बद्धकोष्ठ असलेल्यांत शोषणाला जास्त वेळ मिळतो, म्हणून तेवढ्याच मात्रेचा त्रास त्यांना अधिक होतो.

हे पहिल्यांदा नीट टिपले ते नेदरलँड्समधील डॉक्टर रेव्हर्स यांनी, १९४६ मध्ये. जठराच्या व्रणावर ज्येष्ठमधाचे सत्त्व उपयोगी पडत होते, पण साधारण पाचांतल्या एका रुग्णाला सूज येत होती. पुढची बरीच वर्षे ज्येष्ठमध स्वतःच अल्डोस्टेरॉनसारखे काम करतो असे मानले गेले. खरा दोषी आपलेच कॉर्टिसॉल, हे एडिनबर्गच्या स्ट्यूअर्ट, एडवर्ड्स आणि सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये दाखवले. काही बालकांत हे एन्झाइम जन्मतःच निकामी असते. त्यांचे वजन कमी भरते, लहान वयातच रक्तदाब भयंकर वाढतो आणि पोटॅशियम खाली जाते. त्यामागचे जनुकातले बिघाड १९९५ मध्ये सापडले.

आता मात्रेचा हिशेब. युरोपातल्या तज्ज्ञ समितीने नेहमीच्या सेवनासाठी दिवसाला १०० मिलिग्रॅम ग्लिसिरायझिन ही वरची मर्यादा धरली आहे. ज्येष्ठमधाच्या मुळीत त्याचे प्रमाण वाण, जमीन आणि साठवण यांनुसार २ ते १५ टक्क्यांपर्यंत बदलते. युरोपीय औषधसंहिता किमान ४ टक्के मागते. आयुर्वेदिक औषधसंहितेत चूर्णाची मात्रा २ ते ४ ग्रॅम आहे. ४ टक्के धरले तर २ ग्रॅममध्ये ८० आणि ४ ग्रॅममध्ये १६० मिलिग्रॅम. मूळ ८ टक्क्यांचे निघाले तर दुप्पट. म्हणजे वैद्यांनी सांगितलेली मात्रा थोड्या दिवसांसाठी ठीक, पण तीच कोणाला न विचारता दोन महिने चालवली तर मर्यादा रोज ओलांडली जाऊ शकते. उलट चार माणसांच्या काढ्यात ३ ग्रॅम चूर्ण घातले तर प्रत्येकाच्या वाट्याला ३० मिलिग्रॅमच्या आसपास येते. त्याने घाबरायचे कारण नाही. सर्वांत धोकादायक ते घनसत्त्व आणि सत्त्वाच्या गोळ्या, कारण त्यांत ग्लिसिरायझिन कितीतरी पटींनी दाट असते आणि डोळ्यांना मात्रा लहान दिसते.

१०० मिलिग्रॅमची मर्यादासुद्धा सैल आहे असे आमचे मत आहे. स्वीडनमधील लिंकपिंग विद्यापीठाने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात १८ ते ३० वयाच्या २८ निरोगी व्यक्तींना दोन आठवडे रोज तेवढेच ग्लिसिरायझिन दिले. वरचा रक्तदाब सरासरी ३.१ मिलिमीटरने वाढला, रेनिन ३० टक्क्यांनी आणि अल्डोस्टेरॉन ४५ टक्क्यांनी उतरले. ही धडधाकट तरुणांची गोष्ट. साठीच्या पुढचा, रक्तदाबाचा रुग्ण याहून हळवा असतो. फार मोठ्या मात्रेचा शेवट काय होऊ शकतो, ते अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्समधल्या ५४ वर्षांच्या पुरुषाच्या प्रकरणात दिसले. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या या नोंदीनुसार तो तीन आठवडे रोज ज्येष्ठमधाच्या गोड गोळ्यांची (खाऊच्या) एक-दोन मोठी पाकिटे खात होता. पोटॅशियम कोसळून हृदयाचा ठोका बिघडला आणि तो दगावला.

काही जणांनी ज्येष्ठमध रोज घेऊच नये: रक्तदाब, हृदयविकार किंवा मूत्रपिंडाचा विकार असणारे, लघवीच्या गोळ्या घेणारे (हायड्रोक्लोरोथायझाइड, क्लोर्थॅलिडोन, फ्युरोसेमाइड), आणि डिगॉक्सिन हे हृदयाचे औषध घेणारे. रक्तदाबाच्या कितीतरी जोडगोळ्यांत यांतले पहिले किंवा दुसरे औषध असतेच, आणि रुग्णाला ते माहीत नसते. लघवीची गोळी पोटॅशियम घालवते, ज्येष्ठमधही घालवतो, आणि पोटॅशियम कमी असताना डिगॉक्सिन नेहमीच्याच मात्रेत विषारी ठरते. सोनामुखीसारखे रेचक रोज घेणाऱ्यांचे पोटॅशियम आधीच उतरलेले असते. प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड घेणाऱ्यांत त्या औषधाचा निचरा मंदावतो. गरोदरपणाचे वेगळे सांगायला हवे. हेच एन्झाइम वारेत असते आणि आईच्या कॉर्टिसॉलपासून गर्भाला वाचवते. फिनलंडमध्ये, गरोदरपणी आठवड्याला ५०० मिलिग्रॅमहून अधिक ग्लिसिरायझिन घेतलेल्या मातांच्या मुलांत आठव्या वर्षी स्मरण व भाषेच्या चाचण्यांत उणेपणा आढळला. अशा पाहणीतून कार्यकारणभाव पक्का होत नाही, पण नऊ महिने कांडी बाजूला ठेवायला तेवढे पुरे आहे.

या एन्झाइमला अडवणारी आधुनिक औषधेही आहेत. बुरशीवरचे पोसाकोनॅझोल आणि काही प्रमाणात इट्राकोनॅझोल हेच करतात. २०२१ मध्ये काळ्या बुरशीच्या साथीत महाराष्ट्रात कित्येक रुग्णांना पोसाकोनॅझोल दिले गेले; गजकर्णासाठी इट्राकोनॅझोल तर आजही सर्रास लिहिले जाते. ही औषधे चालू असताना रक्तदाब आणि पोटॅशियम तपासत राहावे आणि ज्येष्ठमध बंद ठेवावा.

निदान कुठे चुकते, हे आमच्या डॉक्टर मित्रांसाठी. रक्तदाब जास्त आणि पोटॅशियम ३.५ च्या खाली दिसले की अधिवृक्क ग्रंथीच्या गाठीचा संशय येतो आणि सीटी स्कॅन लिहिला जातो. त्याआधी 'काढा, चूर्ण, मुखवास, मुलेठी, यष्टिमधु यांपैकी काही घेता का' हे एकेक नाव घेऊन विचारावे. 'काही औषध घेता का' या प्रश्नाला ज्येष्ठमध घेणारा प्रामाणिकपणे 'नाही' म्हणतो. मग रेनिन आणि अल्डोस्टेरॉन तपासावे. गाठ असेल तर अल्डोस्टेरॉन वर, रेनिन खाली. ज्येष्ठमधात दोन्ही खाली. मात्र पोटॅशियम आधी भरून काढावे, कारण ते कमी असेल तर अल्डोस्टेरॉन आपोआप कमी दिसते. स्पायरोनोलॅक्टोन सुरू करण्यापूर्वी नमुना घ्यावा, नाहीतर निकाल काही आठवडे भरवशाचा राहत नाही. बीटा-ब्लॉकर गोळ्याही रेनिन उतरवतात. रेनिनचा नमुना बर्फात ठेवू नये. थंडीने निष्क्रिय रेनिन जागे होते आणि आकडा खोटा वाढतो. रक्त काढताना मूठ आवळायला लावली किंवा पेशी फुटल्या, तर पोटॅशियम खोटे वर दिसते आणि आजार झाकला जातो.

अशा रुग्णाला हातापायांत गोळे येतात, चढण चढताना मांड्या भरून येतात, थकवा असतो. 'अशक्तपणा' म्हणून ग्लुकोजचे सलाइन लावले तर इन्सुलिन वाढून उरलेसुरले पोटॅशियम पेशींत ढकलले जाते आणि प्रकृती आणखी बिघडते. ज्येष्ठमध थांबवणे, पोटॅशियम क्लोराइड तोंडाने देणे, मॅग्नेशियम तपासणे आणि ईसीजी काढणे ही पहिली कामे. एन्झाइम पूर्ववत व्हायला दोन आठवडे सहज लागतात, दबलेले रेनिन वर यायला त्याहून जास्त. तोवर दर काही दिवसांनी पोटॅशियम पाहावे.

आमची मागणी साधी आहे. आयुष मंत्रालयाने आणि राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाने ज्येष्ठमधाचे चूर्ण, गोळ्या, काढे व सत्त्व यांच्या वेष्टनावर दर मात्रेतले ग्लिसिरायझिन मिलिग्रॅममध्ये छापणे बंधनकारक करावे. त्याखाली रक्तदाब, लघवीच्या गोळ्या, गरोदरपण आणि दोन आठवड्यांहून अधिक सेवन याबद्दलची सूचना मराठीत असावी. युरोपात ज्येष्ठमधाच्या गोड गोळ्यांमध्ये (खाऊमध्ये) किलोला ४ ग्रॅम किंवा अधिक ग्लिसिरायझिन असेल, तर रक्तदाबाच्या रुग्णांसाठी इशारा छापावाच लागतो. मोजणीही अवघड नाही. मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या एचपीएलसी यंत्रावर २५४ नॅनोमीटरच्या प्रकाशात ग्लिसिरायझिन स्पष्ट मोजता येते, आणि हे यंत्र औषध कारखान्यांच्या गुणवत्ता प्रयोगशाळांत नेहमीच्या वापरातले आहे. काष्ठौषधींच्या दुकानात सुटी मिळणारी कांडी या नियमात बसवणे कठीण. तिथे निदान भिंतीवर एक ठळक पाटी लावायला सांगावे.

आपले,
औषधशास्त्राचे दोन अध्यापक, पुणे