मामा तलावांचे काठ खरवडू नका

मा. मंत्री महोदय,
मृद व जलसंधारण विभाग, महाराष्ट्र राज्य

स.न.वि.वि.

गोंदिया-भंडाऱ्यातल्या मामा तलावांचा, म्हणजे जुन्या माजी मालगुजारी तलावांचा, गाळ काढायला आमचा विरोध नाही. आमचं धान त्याच पाण्यावर पिकतं. प्रश्न आहे तो गाळ कसा काढता याचा.

पाऊस ओसरल्यावर आपण एकदा डोंग्यातून या तलावांत फिरा. कमळाच्या पानांत कमळपक्ष्याचा नर अंडी उबवत बसलेला असतो. मादी अंडी घालून निघून जाते, पिल्लं बापच सांभाळतो. काठाच्या उथळ पाण्यात देवधान, म्हणजे रानटी भात, डोलतं. वल्हं थांबवून वाकून पाहिलं, की खाली व्हॅलिस्नेरिया या पाणवनस्पतीची लांब हिरवी पाती हलताना दिसतात. तिचं मादी फूल बारीक देठावर थेट पाण्याच्या पृष्ठभागावर येतं. मोहरीहूनही लहान नर फुलं तळाशीच तुटून वर येतात आणि तरंगत तरंगत मादी फुलाला जाऊन भिडतात. मग देठ वेटोळं घेतो आणि फळाला पाण्याखाली ओढून नेतो. किती वेळा पाहिलं तरी माझं मन भरत नाही!

याच वनस्पतींत देशी मासे अंडी घालतात, पिल्लं लपतात, आणि त्या माशांवर ढिवरांची, म्हणजे इथल्या मासेमार समाजाची, चूल पेटते.

‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ या सरकारी योजनेत हिशेब होतो तो किती घनमीटर गाळ निघाला याचा. जेसीबी काठासकट सगळं खरवडतो. कंद, बी, मुळं गाळाबरोबर शेतात जातात, उथळ उतार संपतो. महाराष्ट्रात सारस उरलाय तो जवळजवळ याच भागात, आणि त्याला चरायला उथळच पाणी लागतं. रिकाम्या काठावर मग बेशरम नावाची झुडपी तण माजते. तिला गुरंही तोंड लावत नाहीत.

अर्जुनी मोरगाव तालुक्यात ढिवर बायकांनी ही बेशरम मुळासकट उपटली, तलावाचा तळ नांगरून देशी पाणवनस्पती लावल्या. हे काम रोजगार हमीत घ्या. प्रत्येक अंदाजपत्रकात काठाचा उथळ पट्टा राखणं बंधनकारक करा, आणि तळाचा काही भाग दरवर्षी न खणता सोडा. मत्स्य विभागाशी बोलून या तलावांत ग्रास कार्पचं बीज सोडणंही थांबवा. तो मासा हीच झाडं खातो.

येत्या उन्हाळ्याच्या कामांना मंजुरी देण्याआधी हा आदेश निघावा, ही कळकळीची विनंती.

आपला,
गोंदिया जिल्ह्यातील एक धान उत्पादक शेतकरी