अण्णा, त्या मूठभर मातीबद्दल

अण्णा,

नमस्कार. समोर बोलायला गेलो की तुम्ही "असू दे रे, चहा घे" म्हणून विषय तोडता. म्हणून सगळ्यांसमोर लिहितोय.

दोन वर्षांपूर्वी ऊसतोडणीची टोळी गेली आणि मी दरवर्षीसारखी पाचटाला, म्हणजे रानात पडलेल्या उसाच्या वाळल्या पाल्याला, काडी लावली. वारं फिरलं, आग बांध ओलांडून तुमच्या खोडव्यात, तोडलेल्या बुडख्यातनं पुन्हा फुटलेल्या उसात, घुसली. पाच-सहा सऱ्या गेल्या, ठिबकची नळी गेली. आपल्या वेदगंगेकाठी एवढ्यावरनं दोन घरांचं बोलणं बंद होतं. तुम्ही माझ्याबरोबर आग विझवलीत आणि एक वाकडा शब्द काढला नाहीत.

मग मे महिन्यात एका दुपारी मला हाक मारलीत. न जळलेल्या सरीतलं पाचट हातानं बाजूला सारलंत आणि खालची मूठभर माती माझ्या तळव्यावर ठेवलीत. गार, ओली, आत एक गांडूळ. पाणी दोघांनी एकाच पाळीला दिलेलं, आणि माझ्या रानात भेगांतनं बोट जात होतं. ती माती मी घरापर्यंत मुठीत धरून आणली, आईला दाखवायला.

पाचट जाळू नका, हे आधी ऐकलं नव्हतं असं नाही. मंडप घालून कार्यक्रम झाले, टोप्या वाटल्या, एकरी 3-4 टन पाचटाची राख होते हेही सांगितलं. पत्रक मात्र, आपण कर्नाटकात म्हणून, नुसतं कन्नडमध्ये, आणि आमचा उतारा जिच्या नावावर आहे त्या आईला कन्नड वाचता येत नाही. उंदीर होतील का, कोंब दबतील का, विचारायच्या आत गाड्या निघून गेल्या. रानात कुणी पाय ठेवला नाही. तुमची भाषा कन्नड, तरी "बुडखा छाट, पाचट सरीत दाब, भिऊ नको" एवढं तुम्ही माझ्या मराठीत सांगितलंत आणि तोडणी झाल्यावर स्वतः कोयता घेऊन आलात.

1981 साली तंबाखूच्या दरासाठी निपाणीचे हजारो शेतकरी हमरस्त्यावर बसले होते. दरासाठी तसं एकत्र यावंच लागतं. पण रानातली सवय एकेका बांधावरनंच पुढं सरकते, हे मी डोळ्यांनी पाहिलं. यंदा आपल्या मळ्यात सात जणांनी काडी लावली नाही. सगळे आधी तुमचा खोडवा बघून गेले, काहीजण माझाही.

नळीचे पैसे तुम्ही अजून घेतले नाहीत. नवी नळी तुमच्या खोपीत ठेवून आलोय. परत पाठवू नका.

तुमचा बांधकरी