लॅमिंग्टन रोडच्या काकांना

आदरणीय काका,
सप्रेम नमस्कार.

पत्र तुम्हाला आहे, पण मुद्दाम चारचौघांत लिहिते आहे. कॉम्प्युटर बंद पडला की माणूस किती हतबल होतो आणि अशा वेळी नीट बघणारा कोणी भेटला तर काय वाटतं, ते इतरांनाही कळावं.

दिवाळी अंकाची पानं लावायचं काम ऐन भरात होतं. ८ जीबीवर भागेना, म्हणून १६ जीबीची आणखी एक रॅम टाकून घेतली आणि तिथूनच क्रॅश सुरू झाले. कधी निळी स्क्रीन, कधी थेट रीस्टार्ट. रॅम बसवून देणाऱ्या मुलाने विंडोजच्या नोंदवहीतलं, म्हणजे इव्हेंट व्ह्यूअरमधलं ‘कर्नल-पॉवर ४१’ दाखवलं आणि एसएमपीएस, म्हणजे मशीनला वीज पुरवणारा डबा, बदला म्हणाला. दुसऱ्या एकाने मदरबोर्ड गेल्याचं सांगून टाकलं. फॉरमॅट मारा, हे तर सगळ्यांनीच सांगितलं.

तुम्ही मात्र आधी विचारलंत, “निळ्या स्क्रीनवर दर वेळी एकच एरर येते, की वेगवेगळी?” मी मोबाइलमधले फोटो दाखवले. एकात मेमरी मॅनेजमेंट, बाकीच्यांत भलतंच काहीतरी. एखादा ड्रायव्हर, म्हणजे एखादा भाग चालवणारं सॉफ्टवेअर, बिघडला तर बहुधा तीच ती एरर दिसते, दर वेळी नवी असेल तर आधी रॅम तपासायची, असं तुम्ही समजावलंत. आणि ४१ म्हणजे विंडोज नीट शट डाऊन न होता मशीन बंद झालं, एवढंच. का झालं, ते त्यात नसतं. माझा एसएमपीएसचा खर्च तिथेच वाचला.

मग कॅबिनेट उघडलंत. अंगातली स्टॅटिक उतरावी म्हणून आधी पत्र्याला हात लावलात, रॅमची स्टिक काढून सोनेरी कडा निरखल्यात, परत बसवताना क्लिपचा ‘टक्’ आवाज येईपर्यंत दाबल्यात. पेनड्राइव्हवरून रॅम तपासणारं मेमटेस्ट८६ लावलंत. एकेकटी स्टिक पास, दोन्ही एकत्र टाकल्या की लगेच लाल ओळी! बायोसमध्ये, म्हणजे बोर्डाच्या सेटिंगमध्ये, रॅमला जास्त वेगाने पळवणारं एक्सएमपी चालू केलेलं निघालं. नवी स्टिक ३२०० वेगाची, जुनी २६६६ ची, आणि बोर्ड दोघींना ३२०० वर पळवत होता. जुनीला ते झेपत नव्हतं. एक्सएमपी बंद केलंत, दोन्ही २६६६ वर आल्या, आणि टेस्ट पुन्हा पहिल्यापासून लावलीत. एकही एरर नाही.

काका, नवा बोर्ड माझ्या गळ्यात मारणं तुम्हाला अगदी सोपं होतं. मी तर पैसे काढायच्या तयारीतच आले होते. दुकानात गिऱ्हाइकं ताटकळत असताना तुम्ही एका वेळी एकच गोष्ट बदलत राहिलात, आणि प्रत्येक वेळी मला स्क्रीनजवळ बोलावून काय बदललं ते दाखवलंत. पुढे रॅम वाढवायची झाली तर एकाच पाकिटातली जोडी घ्या, हेही बजावलंत. ही कळकळ मी कधीच विसरणार नाही.

पानं प्रेसला गेली. त्यानंतर मशीन एकदाही अडलेलं नाही. अंक हातात आला की पहिली प्रत घेऊन दुकानात येते, आणि या वेळी चहाचे पैसे तरी मला देऊ द्या.

तुमची मनापासून ऋणी,
गिरगावातली डीटीपीवाली