छत्र्या उचला म्हणालास, त्यावरून

खोडद, ता. जुन्नर

चि. बाळास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

हे फोनवरही बोलता आलं असतं. पण फोनवर आपलं बोलणं हवापाणी, द्राक्षाचा भाव आणि तुझ्या आईचे गुडघे यांच्या पुढं सरकत नाही. म्हणून लिहायला घेतलं. घडांत पाणी उतरायला लागलंय, दिवसभर बागेतच असतो. तीन रात्री जेवणं झाल्यावर थोडं थोडं लिहिलं, तेव्हा हे पुरं झालं.

परवा सुट्टीला आलास, तेव्हा जेवताना मोबाइलवर रेल्वेची बातमी वाचलीस. पुणे-नाशिक रेल्वे आपल्याकडून सरळ न जाता शिर्डीवरून न्यायची, कारण मधे आपली खोडदची जीएमआरटी, म्हणजे छत्र्यांसारख्या मोठ्या डिशांची रेडिओ दुर्बीण येते, असं रेल्वेमंत्री म्हणाले होते. तोंडात घास असतानाच तू म्हणालास, "उचला म्हणावं त्या छत्र्या आणि टाका कुठंतरी. तीस वर्षांत काय दिलं त्यांनी आपल्याला?" सगळे हसले. तू पुढची बातमी वाचायला लागलास. मी गप्प राहिलो, पण मला रात्री झोप लागली नाही.

रेल्वे मला नको आहे असं समजू नकोस. टोमॅटोचे क्रेट भरलेली गाडी चाकणच्या गर्दीत अडकून उभी राहते आणि इकडे मालाचा भाव उतरतो, हे मी तुझ्यापेक्षा जास्त वेळा सोसलंय. जुन्नर, आंबेगाव, खेड, तिन्ही तालुक्यांत लोक या गाडीची वाट बघत बसलेत. त्यांचा राग खरा आहे आणि त्यात माझाही राग आहे. मला लागलं ते एवढंच, की एवढ्या मोठ्या गोष्टीवर तुझं मत एका घासाच्या आत तयार झालं. तू दिवसभर कंपनीत यंत्रांशी बोलतोस. एक ओळ चुकली तर कुठं चुकली ते शोधायला रात्र घालवतोस. मग ही बातमी वाचताना तो शोधणारा माणूस कुठं गेला?

तुला मी कधी नीट सांगितलं नव्हतं, पण त्यातल्या एका छत्रीच्या बुडाशी माझाही घाम आहे. दुर्बिणीचं बांधकाम चालू होतं तेव्हा मी एका ठेकेदाराकडे रोजावर होतो. डिशखाली जो गोल काँक्रीटचा मनोरा दिसतो, त्याच्या कामावर घमेली वाहिली. वर काय बसणार हे आम्हा कुणाला कळत नव्हतं. मग एक दिवस ती डिश वर चढली. ४५ मीटर व्यासाची! आपलं घर, गोठा आणि अंगण मिळून तिच्या पोटात बसेल. आणि जवळून बघितलं तर नुसती जाळी. अर्ध्या मिलिमीटरच्या आसपासची स्टेनलेस स्टीलची तार, ताणलेल्या दोरांवर बांधलेली. मी मांडवाच्या तारा ओढणारा माणूस, मला ते लगेच ओळखीचं वाटलं.

तिथल्या एका इंजिनिअरला मी विचारलं होतं, "साहेब, एवढी भोकं ठेवून कसं चालंल?" ते हसले नाहीत. म्हणाले, तुम्ही बागेला पाखरांसाठी जाळी लावता ना? वारा निघून जातो, पाखरू अडतं. तसंच इथं. आभाळातून येणारी रेडिओची लाट या भोकांपेक्षा कितीतरी लांब असते, तिला ही जाळी सबंध पत्र्यासारखीच वाटते, ती आपटून वर मधोमध जमा होते. वारा मात्र आरपार जातो, म्हणून डिश हलकी बांधता आली आणि खर्च आटोक्यात राहिला. ही कल्पना डॉ. गोविंद स्वरूप यांची. १९६५ साली परदेशातली नोकरी सोडून ते होमी भाभांच्या बोलावण्यावरून इकडे आले, आधी उटीला दुर्बीण उभी केली आणि मग ही आपली. २०२० च्या सप्टेंबरमध्ये ते गेले. करोनाचे दिवस होते. त्या रात्री मी गच्चीवर जाऊन बराच वेळ डिशांकडे बघत उभा होतो.

आता "उचला" या शब्दाबद्दल. डिश आहेत ३०. त्यातल्या १४ खोडदजवळ चौरस किलोमीटरभर जागेत, बाकीच्या १६ तीन फाट्यांवर, इंग्रजी वाय अक्षरासारख्या. एका टोकापासून दुसऱ्या टोकाचं अंतर २५ किलोमीटरच्या आसपास. ३० डिश मिळून एकच डोळा होतो, म्हणून प्रत्येकीची जागा मोजून ठरवलेली आहे. आणि हे ठिकाण का निवडलं? पुणं जवळ, पण शहराचा रेडिओचा गोंगाट इथवर पोचत नव्हता, भोवतीचे सह्याद्रीचे डोंगर तो अडवतात. उत्तरेकडचं आभाळ दिसतंच, दक्षिणेकडचंही बरंच दिसतं. असली जागा काही बाजारात मिळत नाही, बाळा.

गोंगाट म्हणजे काय ते तुला आठवत असेल. आजोबा संध्याकाळी रेडिओवर शेतीचा कार्यक्रम ऐकायचे आणि कुणी विहिरीवरच्या मोटरचा स्टार्टर दाबला की रेडिओ खरखरायचा. आजोबा ओरडायचे, "बंद करा रे ती!" ठिणगी पडली की तिच्यातून रेडिओच्या लाटा निघतात, साऱ्या पट्ट्यांवर एकदम. रेल्वेच्या वरच्या तारेत २५,००० व्होल्ट असतात आणि इंजिनाचा दांडा त्या तारेला घासत पळतो. आपल्या मोटरनं आजोबांचा रेडिओ बिघडत होता, तर या तारेनं कशाचं काय होईल याचा अंदाज कर. दुर्बिणीला जे ऐकायचं असतं ते आकाशवाणीपेक्षा इतकं क्षीण असतं, की चंद्रावर कुणी आपला साधा मोबाइल चालू करून ठेवला, तर तो आभाळातल्या सगळ्यांत ठळक रेडिओस्रोतांमध्ये गणला जाईल. म्हणून तर तिथं आत जाताना फोन बंद करायला लावतात, आणि म्हणूनच या भागात टॉवरला सहजासहजी परवानगी मिळत नाही. रेंजवरून तू दर खेपेला चिडतोस, तेव्हा हे मनात येऊ दे.

म्हणून मी वाट बघत होतो, की तू विचारशील: रूळ किती किलोमीटर लांबून नेले तर हा त्रास सोसण्याइतका कमी होईल? डोंगराच्या आडून नेले तर? बोगद्यातून नेले तर? खर्च किती वाढेल, आणि शिर्डीवरून फिरून जाण्यात तो वाचतो का? हे विचारलं असतंस तर मी तुझ्याबरोबर रात्रभर बसलो असतो. आपल्या तालुक्याच्या बाजूनं भांडायचं असेल तर याच प्रश्नांनी भांडता येईल. "उचला छत्र्या" म्हणणाऱ्याला मुंबईत काय, दिल्लीत काय, कुणी खुर्ची देणार नाही.

ही सवय आजची नाही, म्हणून जास्त लिहितोय. २०२३ च्या जानेवारीत तुझा फोन आला होता, "अण्णा, तुमच्या छत्रीला एलियनचा फोन आला म्हणे!" नाक्यावर चहाच्या टपरीवरही तेच चाललं होतं. मोठमोठ्या बातम्यांतही दुरून 'संदेश' आला असंच छापलं होतं. माझ्या मते घोटाळा त्या शब्दातच झाला. इंग्रजीतल्या सिग्नलचा आपण संदेश केला, आणि संदेश म्हटला की पाठवणारा आलाच. कुणी पाठवलं नव्हतं रे काही. हायड्रोजनची लाट होती ती.

ती गोष्ट एलियनपेक्षा कितीतरी मोठी होती. हायड्रोजनचा अणू एकटा पडलेला असतो, तेव्हा त्याच्यातला इलेक्ट्रॉन कधीतरी आपली फिरायची दिशा उलटी करतो आणि २१ सेंटिमीटरची एक लाट बाहेर पडते. एका अणूला सरासरी १ कोटीहून जास्त वर्षं यासाठी थांबावं लागतं. पण एका आकाशगंगेत अणू इतके असतात, की सतत कुठं ना कुठं ही लाट निघतच राहते. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या आणि कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठातल्या संशोधकांनी आपल्या या दुर्बिणीतून जी पकडली, ती ८८० कोटी वर्षं प्रवास करून आली होती. ती निघाली तेव्हा पृथ्वी नव्हती, सूर्यही नव्हता. वाटेत विश्व पसरत गेलं, तशी २१ सेंटिमीटरची लाट ताणून ४८ सेंटिमीटरची झाली. तरी एवढ्या लांबून ती ऐकू आली नसती. पण बरोबर मधे दुसरी एक आकाशगंगा आडवी होती, आणि तिच्या वजनानं भिंगासारखं काम करून ती लाट ३० पट ठळक केली. त्यावरून कळलं, की त्या दूरच्या आकाशगंगेत ताऱ्यांचं जेवढं वजन, त्याच्या जवळपास दुप्पट नुसता वायू आहे. पुढचे तारे ज्यातून घडायचे तो कच्चा माल.

हे सगळं आपल्या बागेपासून सायकलच्या अंतरावर ऐकलं गेलं. आणि आपल्या घरात त्यावर बोलणं झालं ते एलियनच्या फोनाचं, अर्ध्या मिनिटाचं. तेव्हाच बोलायला हवं होतं, मी बोललो नाही, ती माझी चूक.

"काय दिलं त्यांनी" याचं उत्तर देताना मला मंगळावरचा तो दिवस आठवतो. १९ ऑक्टोबर २०१६. युरोपचं स्किआपारेली नावाचं यान मंगळावर उतरत होतं, आणि ते उतरताना त्याचा बारीक आवाज थेट पृथ्वीवर ऐकायचं काम आपल्या डिशांना दिलं होतं. यानावरचं यंत्र जेमतेम काही वॅटचं, तेही पृथ्वीच्या दिशेनं रोखलेलं नाही. अंतर १७ कोटी किलोमीटरहून जास्त, आवाज इथवर यायलाच १० मिनिटांच्या आसपास लागत होती. तरी डिशांनी तो धरला. यान हवेत शिरलं, पॅराशूट उघडली, आणि उतरायच्या थोडं आधी आवाज तुटला. पुढं चौकशीत निघालं, की यानाच्या एका मापकाचा गोंधळ झाला आणि आपण जमिनीवर पोचलोच असं यानाला वाटलं. त्यानं पॅराशूट वेळेआधी सोडून दिली, इंजिनं काही सेकंदच चालली, आणि ते तीन-चार किलोमीटरवरून खाली आपटलं.

दुसऱ्या दिवशी लोक म्हणाले, युरोपवाल्यांचे पैसे बुडाले. मला आठवतं, तूही म्हणालास, "फेल गेलं." मी मात्र त्या तुटलेल्या आवाजाचाच विचार करत होतो. ते बोलायचं थांबलं हे सगळ्यांत आधी ज्या कानांना कळलं त्यात आपल्या खोडदचे कान होते. ज्यांनी ते बांधलं त्यांनी काय चुकलं ते शोधून काढलं, मापकाचं नाव घेऊन जगाला सांगितलं. विक्रम २०१९ च्या सप्टेंबरमध्ये चंद्रावर आदळला तेव्हाही इथं कुणी म्हणालं, आधी रस्त्यातले खड्डे बुजवा. २०२३ च्या २३ ऑगस्टला दुसरा विक्रम अलगद उतरला तेव्हा तीच माणसं पेढे वाटत होती. पेढे मीही खाल्ले. पण मधल्या चार वर्षांत पहिल्या चुकीवर काम करत बसलेल्या माणसांबद्दल टपरीवर एक शब्द निघाला नव्हता.

आणि तुझं म्हणशील तर, तू असा नव्हतास. तू आठवीत होतास, २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाच्या प्रदर्शनात तुमच्या शाळेनं ठिबकचं मॉडेल मांडलं होतं. मंडपात धूळ, लाखभर पोरांचा कलकलाट वाटावा असा गोंधळ. एक शास्त्रज्ञ बाई तुझ्या टेबलाशी थांबल्या. मॉडेलबद्दल सांगायचं सोडून तू त्यांना विचारलंस, "मॅडम, दिवसा तारे दिसत नाहीत, तर ही दुर्बीण दिवसा झोपते का?" बाई खाली वाकल्या आणि तुला सांगितलं, की रेडिओच्या लाटांना दिवस आणि ढग दोन्ही आडवे येत नाहीत, म्हणून ही दिवसरात्र जागी असते. फक्त वारा फार झाला की तोंड आभाळाकडे करून थांबते. घरी येईपर्यंत तू मला सायकलच्या दांडीवर बसून तेच ते सांगत होतास. आईला सांगितलंस, आजोबांना सांगितलंस, गोठ्यात जाऊन गाईलाही सांगितलंस.

मला त्या पोराची फार आठवण येते. तू त्या दिवशी जेवताना हसलास तेव्हा मी तुझ्या तोंडाकडे त्यालाच शोधत होतो.

यंदाही २८ फेब्रुवारीला प्रदर्शन आहे. त्या सुमारास तोडणी चालू असेल, पण एक दिवस मी गडी लावून मोकळा होईन. तू रजा काढ आणि छकुलीला घेऊन ये. तिला पाचवं लागलंय, तिचे प्रश्न संपत नाहीत असं सूनबाई सांगत होती. संपू देऊ नका. फोन गाडीतच ठेवू. रेल्वेचे ते प्रश्न एका कागदावर लिहून आण, तिथं कुणी भेटलं तर आपण दोघं मिळून विचारू. येताना आईसाठी तिच्या गुडघ्याचं ते तेल आण, इथं मिळत नाही.

तुझे,
अण्णा